न सापडलेले सर्वनाम

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या श्रीवत्स नावाच्या शिष्यासह एका नदीकाठी येऊन राहिले. नदीच्या दोन्ही तीरांवर एकाच कुळातली माणसे वसली होती. दैवत एक, पूर्वज एक, पण बोली कधीच्या दोन झालेल्या. पूर्वजांना आवाहन करायचे ते त्यांच्याच मूळ भाषेत, असा त्या कुळाचा रिवाज. ती मूळ भाषा कोणी राखली, यावरून त्या वर्षी असा वाद पेटला की दोन्ही तीरांच्या प्रमुखांनी नदीतली नावच बंद करून टाकली. पूर्वतीराची रेवली पश्चिमतीरी दिलेली होती. आई अंथरुणाला खिळली आहे, हा निरोप तिला कोणीतरी पलीकडून ओरडून सांगितला होता. तेव्हापासून ती रोज पाण्याशी येऊन उभी राही.

शेवटी दोन्ही प्रमुख आचार्यांकडे निवाडा मागायला आले. आचार्यांनी काम श्रीवत्सावर सोपवले.

"कोण खरे ते शोधू नकोस," ते म्हणाले. "शब्द कसकसे बदलत गेले, तेवढे शोध."

गुरुशिष्यांपुरती नाव सोडायला दोन्ही बाजू राजी झाल्या आणि श्रीवत्स हिंडू लागला. प्रथम त्याला सगळा गोंधळच वाटला. अग्नीला पूर्वतीरी 'पेल' म्हणत, पश्चिमतीरी 'हेलू'. नदीला 'पुन' आणि 'हुनी'. आईला 'पिम' आणि 'हिमी'. एके सकाळी धूळपाटीवर हे शब्द शेजारी शेजारी लिहिता लिहिता त्याचे बोट थांबले. तो धावतच गुरूंकडे गेला.

"गुरुजी, पूर्वेने शब्दांचे तोंड जपले आणि शेपूट गमावले! पश्चिमेने शेपूट जपले, पण 'प'चा 'ह' करून टाकला! मूळ शब्द 'पेलू' असणार. तसेच 'पुनी', तसेच 'पिमी'. म्हणजे ती भाषा धड कोणाकडेच नाही."

"मग तुला कोणी शिकवली?"

"दोघांनी मिळून," श्रीवत्स म्हणाला.

त्यानंतर त्याला तहानभूक सुचेना. ती भाषा अनेकवचन कसे करी, तर शब्दाचे पहिले अक्षर दोनदा म्हणून: एक आई 'पिमी', पुष्कळ आया 'पिपिमी'. क्रियापद वाक्याच्या शेवटी येई. जे लोक कधीच मातीत मिसळून गेले त्यांचा आवाज आपल्या तोंडून निघतो आहे, या विचाराने तो स्वतःशीच शब्द पुटपुटत हिंडे.

सर्वनामांपाशी मात्र गाडे अडले. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' सहज सापडले: पूर्वेचे 'पोम', पश्चिमेचे 'होमा', म्हणून मुळात 'पोमा'. पण ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' काही केल्या जुळेना. पूर्वतीरी त्याला 'रुक' म्हणत, पश्चिमतीरी 'सेनी'. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध दिसेना. 'आम्ही'शिवाय भाषा लंगडी राहील, म्हणून श्रीवत्साने त्याच धाटणीचा 'पाडू' असा एक शब्द स्वतःच घडवला आणि पाटीवर लिहिला.

आचार्यांनी पाटी पाहिली. त्यांनी 'पाडू'वरून तळहात फिरवला. धुळीत रिकामी जागा तेवढी उरली. श्रीवत्सास वाईट वाटले, पण त्याने विचारले नाही.

सभेच्या दिवशी तेवढ्यापुरती नाव सोडून दोन्हीकडची माणसे पश्चिमतीरच्या वाळवंटात जमली. आचार्य म्हणाले, "निवाडा पूर्वजांचा. तेव्हा ज्याने त्याने आपले म्हणणे त्यांच्याच भाषेत मांडावे. श्रीवत्स ते त्या भाषेत सांगेल."

पूर्वतीराचे प्रमुख उठले. "सांगा त्यांना, आम्ही खरे वारसदार आहोत, हे लोक नव्हेत."

श्रीवत्साने "पोमा..." म्हणून सुरुवात केली आणि तो थांबला. "हे सांगता येत नाही," तो संकोचून म्हणाला. "पोमा म्हणजे आपण. त्यात समोरचेही येतात."

पश्चिमतीराच्या प्रमुखांनी तेच उलट बाजूने सांगून पाहिले, आणि तेही तिथेच अडले. वाळूत बसलेल्या बायकांत हसू पसरले.

"म्हणजे भाषाच अपुरी!" पूर्वेचे प्रमुख चिडून म्हणाले.

"असेल," आचार्य शांतपणे म्हणाले. "या मुलाला त्यात 'आम्ही' सापडले नाही, एवढेच मी जाणतो. तुमच्या 'रुक'चा जुना अर्थ 'सखलातले'. यांच्या 'सेनी'चा जुना अर्थ 'उंचावरचे'. हे शब्द दोन्ही घरे वेगळी झाल्यावर जन्मलेले दिसतात. ज्या भाषेसाठी तुम्ही भांडता, तिच्यात हे भांडण मांडायला शब्द मिळत नाही."

मग मागून रेवलीने विचारले, "मला आईकडे जायचे आहे, हे सांगता येते का त्या भाषेत?"

"येते," श्रीवत्स म्हणाला. त्याने सावकाश ते वाक्य उच्चारले. 'पिमी' हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ दोन्हीकडच्या कोणालाच विचारावा लागला नाही. नावाडी कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता उठला आणि दोर सोडू लागला. प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिले नाही, पण त्याला अडवलेही नाही.

वाद त्या दिवशी मिटला असे नाही. पण नाव चालू राहिली.

परत जाताना श्रीवत्साने विचारले, "गुरुजी, पूर्वजांकडे तो शब्द नव्हताच, असे खात्रीने म्हणता येईल?"

"नाही. असेलही, आणि दोन्हीकडे विसरला गेला असेल."

"मग मी केलेला शब्द का पुसलात?"

"अरे, तो त्यांच्या पूर्वजांच्या तोंडचा नव्हता, तुझ्या तोंडचा होता. जागा रिकामी होती म्हणून आज इतकी माणसे तिच्यापाशी थांबली. तू ती भरून टाकली असतीस, तर दोघांनाही भांडायला आयता शब्द मिळाला असता."

पुढे श्रीवत्स स्वतः आचार्य झाला. शिष्यांना ती भाषा शिकवताना तो सर्वनामांपाशी आला की थांबे आणि म्हणे, "इथला शब्द मला ठाऊक नाही. तुम्हाला कुठे ऐकू आला, तर मला येऊन सांगा."