लखमादेवीचे महाद्वार

एका राज्यात, डोंगराच्या माथ्यावर, राजा भुवनपालाची राजकचेरी होती. तिथे रयतेतले कोणीही फिर्याद घेऊन थेट आत जाई. महाद्वाराची रक्षणकर्ती होती लखमादेवी. आत गेलेले माणूस धडधाकट घरी परतावे, एवढीच तिची आण.

कालकेश नावाच्या मांत्रिकाने एका गावाचा झरा शंखात कोंडला होता. कचेरीने निवाडा दिला आणि झरा गावाला परत मिळाला. कालकेशाने भरसभेत शाप उच्चारला व तो धुरासारखा विरून गेला. त्या क्षणापासून आतल्या कोणालाही उंबरठा ओलांडता येईना. फिर्यादी, कारकून, न्यायाधीश, सारेच अडकले.

कळसावर राहणारा धनेश पक्षी खाली उतरला.

"लखमादेवी," तो म्हणाला, "सूर्य मावळण्याआधी तीन घाले येतील. दार मिटलेस तर आतले सारे पाषाण होतील. तिन्ही परतवलेस तर शाप मांत्रिकावर उलटेल."

"दार उघडेच राहील," ती म्हणाली.

पहिल्याने वारा आला. दाराची प्रचंड कवाडे मिटू लागली. लखमादेवी आणि तिचे पहारेकरी त्यांना खांदे लावून उभे राहिले. खांदे सोलवटले, पण वारा थकला.

मग आकाशातून निखारे बरसले. छत पेटले, आत आकांत झाला, दार लावा म्हणून लोक विनवू लागले. लखमादेवीने त्यांना धीर दिला आणि तळ्यापासून दारापर्यंत पहारेकऱ्यांची रांग लावली. बाहेरच्यांनी घागरी पोचवल्या, आतल्यांनी ओतल्या. आग विझली.

उन्हे कलली तेव्हा खुद्द राजा घोड्यावरून आला. शत्रू पाठीवर आहे, मला आत घे आणि दार मीट, अशी त्याने आज्ञा केली. पहारेकऱ्यांचे हात कवाडांकडे गेले. राजाज्ञा मोडली तर शिर जाणार होते. तिने मुजरा केला आणि हात पुढे केला.

"महाराज, शस्त्र उंबरठ्याबाहेर."

हा नियम भुवनपालानेच घातला होता, आणि तो स्वतः रोज आपली तलवार तिच्या हाती देऊनच आत जाई.

"राजाला कसला नियम?" तो गरजला.

"आमच्या राजाला आहे."

तिने खड्ग उपसून मुकुटाला टेकवले. मुकुटाची राख झाली आणि कालकेश उघडा पडला. पाहता पाहता तो घोड्यासकट दगड झाला. आतल्यांची पावले मोकळी झाली.

खरा राजा धापा टाकत डोंगर चढून आला. जळके छत पाहून त्याने कचेरीभोवती उंच तट बांधण्याचा हुकूम सोडला.

"महाराज," लखमादेवी म्हणाली, "तटाने मांत्रिक अडणार नाही, रयत अडेल. पहारा वाढवा. दार मी राखीन."

राजाने तिच्या सोलवटलेल्या खांद्यांकडे पाहिले, आणि हुकूम मागे घेतला. आत न्यायाधीशांनी पुढच्या फिर्यादीला हाक मारली. घरी जायला मोकळा असूनही एकही माणूस जागचा उठला नव्हता. लखमादेवीची मान ताठ झाली.

त्या दिवशी कामे आटोपून ती रयत जशी निर्धास्त घरी परतली, तसे तुम्हीआम्हीही परतू.