नाकापर्यंत आलेले खत

एकदा एका नदीच्या दोन काठांवर दोन देश नांदत होते. आभाळ एक, माती एक, मेंढ्यांची जातही एकच. तरीही पैलतीरी ज्वारीचे कणीस मुठीत मावत नसे आणि ऐलतीरी ते चिमटीत बसे. ऐलतीरावरच्या एका गावाने बरेच दिवस डोके खाजवले आणि शेवटी माणसे नेहमी करतात तेच केले. दोष दुसऱ्याच्या माथी मारला. "आपल्या धनगरांच्या मेंढ्यांच्या लेंडीतच कस नाही. यांना महिनाभरात वाटेला लावा आणि पलीकडचे कळप आणा," असे पाटलांनी सांगून टाकले.

त्या धनगरांतला धुळा नावाचा तरुण गावाबाहेरच्या एका वृद्ध गुरूंपाशी शिकत असे. तीन पिढ्यांची वस्ती आता उठणार होती. पण तो रडत बसला नाही. "बाबा, खोट आमच्या मेंढरांत असेल तर मीच पहिला बिऱ्हाड उचलतो," तो गुरूंना म्हणाला. "पण खरं काय ते कळल्याशिवाय हलायचा नाही."

तो नदी उतरून गेला. आठ दिवस पलीकडच्या कळपामागे आणि आठ दिवस आपल्या कळपामागे टोपली घेऊन फिरला. एक मेंढी दिवसाला किती लेंडी टाकते, हे त्याने दोन्हीकडे मापून पाहिले. लोक फिदीफिदी हसले. माप मात्र अगदी सारखे भरले. मग कस जातो तरी कुठे? धुळा हिरमुसून गुरूंपुढे येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरूंनी आपल्या उपरण्याने त्याचे डोळे बांधले आणि म्हणाले, "चल, खत कुठं आहे ते दाखव."

ऐलतीरी धुळा चुकणे शक्यच नव्हते. इथली रीत अशी की, लेंड्या झाडून वेशीपाशी उघड्यावर ढीग रचायचा, तो महिनोन्‌महिने तसाच ठेवायचा आणि दसऱ्याला सर्वांत उंच ढिगाला हार घालायचा. ज्या ढिगापाशी डोळे चुरचुरतात ते खत जोरकस, असे सारे छातीठोकपणे सांगत. धुळ्याने शंभर पावलांवरूनच बोट दाखवले.

मग दोघे नावेतून पलीकडे गेले. धुळा हुंगत चालला, ढेकळांत ठेचकाळला, पण वास म्हणावा असा येईना. "इथं काहीच नाही, बाबा," तो वैतागून म्हणाला.

गुरूंनी उपरणे सोडले. दोघे एका नुकत्याच कुळवलेल्या रानाच्या मधोमध उभे होते. बांधावरची शेतकरीण म्हणाली, "काही नाही कसं? खतासाठी रात्री दोनशे मेंढरं बसवली होती इथंच. उजाडताच कुळव फिरवून सारं मातीआड केलं. लेंडीला ऊन लागू देत नाही आम्ही."

धुळ्याने खाली बसून माती उकरली. चार बोटे खोल लेंडी होती.

"वेशीपाशी तुझ्या नाकाला झोंबतो ना, तोच खताचा कस," गुरू म्हणाले. "तो वाऱ्यावर निघून चालला, म्हणून तर नाकापर्यंत आला. पिकानं खायचं ते आपण गावाला हुंगायला दिलं, उरलेलं पावसाला धुवायला दिलं आणि वर त्याच ढिगाला हार घातला. मेंढीनं दोन्ही देशांना सारखंच दिलं, बाळा."

धुळा तडक पाटलांकडे गेला. "वास नाही ते खत कसलं?" पाटील कुत्सितपणे म्हणाले. धुळ्याने वाद घातला नाही. "एक पट्टी द्या, एक हंगाम द्या. कणीस चिमटीत बसलं तर आम्ही चाललो." पाटील कुरकुरत कबूल झाले. पेरणीआधी त्या पट्टीत मेंढरे बसली आणि रोज उजाडताच धुळ्याने स्वतः कुळव धरला. सुगीला पाटलांनी त्या पट्टीतले कणीस हातात घेतले. मूठ मिटेना.

पुढच्या दसऱ्याला वेशीपाशी ढीगच नव्हता. पाटील झेंडूचा हार घेऊन अवघडल्यासारखे धनगरांच्या वस्तीवर आले आणि तो त्यांनी धुळ्याच्या बापापुढे धरला. म्हाताऱ्याने हार कपाळाला लावला आणि शेजारच्या मेंढीच्या गळ्यात घातला. तिने मान वळवून तो तिथेच खायला सुरुवात केली.

पाटील हार सोडवायला पुढे झाले. म्हातारा म्हणाला, "खाऊ द्या, पाटील. वाया नाही जायचा. आज रात्री तुमच्याच रानात बसणार आहे ती."