मुंगसाचे अस्तर

एकदा एका गावी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. त्याचा थोरला भाऊ दिगू हा पंचक्रोशीत नावाजलेला कबड्डीपटू. सामन्याहून परतताना जीप उलटून तो गेला, त्याला चार महिनेही झाले नव्हते. एका व्यापाऱ्याने त्याच्या नावाने स्पर्धा भरवली आणि मैदानात नाचणाऱ्या शुभंकराचे मोठे डोके वृद्धांकडे करायला दिले.

“दिगूचाच चेहरा काढा,” व्यापारी म्हणाला. “लोक रडतील. गर्दी होईल.”

“बघू,” वृद्ध म्हणाले.

त्यांनी मापासाठी म्हणून शिष्याकडून दिगूची निळी जर्सी मागून घेतली. सात नंबरची. घरात ती अजून कोणी धुतली नव्हती.

पण लगद्यातून भावाचे नाक उमटेना. उमटले ते मुंगसाचे. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा जुनाच साचा खपवतो आहे काय? वृद्ध आणि व्यापारी कोपऱ्यात कुजबुजत, आणि तो आला की गप्प होत. एका दुपारी त्याला जमिनीवर जर्सीची कापलेली बाही दिसली. शेजारी कात्री.

त्याने काही विचारले नाही. वाळत ठेवलेले डोके उचलून उंबऱ्यावर आपटले.

“दादाला पुसलंत! आणि त्याच्या कपड्याचं फडकं केलंत?”

डोके भुवईपाशी तडकले आणि उलटे पडले. आत खळीने चिकटवलेले निळे कापड होते. घालणाऱ्याचे कपाळ जिथे टेकते, बरोबर तिथे सातचा आकडा होता.

“नवं कापड कपाळ सोलतं. अस्तर वापरलेल्याच कापडाचं लावायचं, हे तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं,” वृद्ध म्हणाले. “कात्री लावू का विचारलं असतं, तर जर्सी दिली असतीस?”

शिष्याने तडकलेले डोके उचलून मांडीवर घेतले.

“म्हणून मापाचं खोटं सांगितलं. चुकलं माझं. पण ऐक. मुखवट्याची बाहेरची बाजू मैदानाची. तिथं दिगू असता, तर पोरांनी त्याचे गाल ओढले असते आणि नंतर तो गोदामात पोत्यांवर पडला असता. सापाच्या दारात शिरून, शिवून निसटणारं मुंगूस दिगूची चढाई दाखवायला पुरे. आतली बाजू मात्र घालणाऱ्याची. शेटजींना आपला भाचा नाचवायचाय. तूच घालावंस म्हणून आठ दिवस भांडतोय मी.”

“मला नाचता येत नाही.”

“दिगूला तरी कुठं येत होतं? वरातीत बघितलाय मी त्याला.”

शिष्याला हसू फुटले, आणि ते हसूच आहे का, हे त्याचे त्यालाही कळेना.

स्पर्धेच्या दिवशी मुंगूस मैदानात उतरले. भुवईवर सांधल्याची रेघ तशीच होती. पोरांनी गाल ओढले, शेपटीला लोंबकळली. नाचता नाचता कपाळाच्या घामाने अस्तर ओले झाले, आणि आत दादाचा वास आला. मुंगूस भर मैदानात जागच्या जागी उभे राहिले. लोकांना वाटले, दमले.

जे पुसले गेले असे आपण समजतो, ते कधी कधी आत लावलेले असते. आपटण्याआधी उलटून पाहावे.