साळुंकी झालेले पंतोजी आणि पाठशाळेचा मळा

एका राज्यात भाजी एका रात्रीत पिकत असे. संध्याकाळी बी टाकावं, वर चिमूटभर निळी भुकटी भुरभुरावी, आणि सकाळी उठून घागरीएवढं वांगं तोडून आणावं. ही भुकटी धूम्रकेत नावाच्या जादूगारानं राजा अमृतसेनाला दिली होती. सात तांब्याचे रांजण भरून दिली होती.

"महाराज, आता घाम नको आणि वाट बघणंही नको," असं तो म्हणाला होता.

किंमत काय, हे राजानं विचारलं नाही आणि जादूगारानं सांगितलं नाही.

किंमत कळायला सात वर्षं लागली. जमिनीतली गांडुळं उठली आणि पाताळात निघून गेली. मधमाश्या दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या. वांग्यात बी धरेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, खाल्लेलं अंगाला लागेना, भूक काही भागेना. राजा सकाळी पानावर बसे तो दिवस मावळेपर्यंत जेवे, आणि हात धुताना म्हणे, "बरं, आता वाढा." राजाची ही गत, मग प्रजेची काय सांगावी?

त्या नगरीबाहेर चिंचेखाली एक पाठशाळा होती. नारोपंत नावाचे पंतोजी तिथं पोरांना शिकवत. माणूस मायेचा, पण शिस्तीचा फार कडक. रोज सकाळी एकेका पोराला उभं करून कालचा धडा विचारायचे. एकही दिवस चुकायचा नाही. आणि एकाचा धडा दुसऱ्यानं सांगायचा नाही, हा तिथला नेम होता.

पोरं दुपारपासूनच भुकेनं धूळपाटीवर माना टाकू लागली, तेव्हा नारोपंत चार पोरांना घेऊन दरबारात गेले.

"महाराज, भुकटी बंद करा. माझी पोरं सुकत चालली."

धूम्रकेत हसला. त्यानं एक चिमूट नारोपंतांच्या डोक्यावर टाकली. पागोटं खाली पडलं, आणि पागोट्याखालून एक साळुंकी बाहेर आली.

पोरांत गोजरा नावाची मुलगी मोठी होती. तिनं साळुंकीला पागोट्यातच उचलून घेतलं आणि जादूगारापुढं उभी राहिली.

"उतारा सांग."

जादूगारांचा एक नेम आहे, बरं का. उतारा विचारला तर सांगावाच लागतो.

"तीन कामं," धूम्रकेत म्हणाला. "तुमच्या अंगणातली मेलेली माती जिवंत करा. भुकटी न शिवलेलं बी आणा. आणि त्याचं पीक काढून राजाचं पोट भरा. मुदत चार पौर्णिमांची. तोवर तुमचा हा पंतोजी रोज थोडे थोडे शब्द विसरत जाईल. चौथ्या पौर्णिमेला संध्याकाळी उरेल ती नुसती साळुंकी."

पोरं परत आली. साळुंकी चिंचेच्या फांदीवर बसली आणि म्हणाली, "पोरांनो, घाबरू नका. पावसात डोक्यावर धरतात ना, त्याला काय म्हणतात तेवढंच मी आज विसरलोय."

"छत्री, पंतोजी! त्याला छत्री म्हणतात," भैरू म्हणाला. हा भैरू म्हणजे वर्गातला सगळ्यात बोलका.

"असेल. पण मला पटत नाही."

पोरांनी पहिलं काम धरलं. अंगणात गुडघाभर खड्डा खणला. त्यात चिंचेचा पाला घातला, गाईचं शेण कालवून ओतलं, घरोघरची सालं, देठं, आंबट ताक, सगळं घातलं. वरून गोणपाट झाकलं आणि रोज पाणी शिंपडलं. दीड महिन्यानं गोणपाटाखालून एक गांडूळ डोकं काढून म्हणालं, "हे जेवण कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," गोजरा म्हणाली.

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी."

गांडूळ पाताळात गेलं आणि आपलं सगळं गणगोत घेऊन आलं. आठ दिवसांत अंगणाची माती काळी आणि भुसभुशीत झाली. पहिलं काम झालं.

बी कुठं मिळणार, हे साळुंकीनंच सांगितलं. पलीकडच्या डोंगरात एक गुहा होती आणि गुहेत एक म्हातारा नाग दोन रांजण राखत बसलेला. एका रांजणात हिरे होते, दुसऱ्यात राख.

"कुठला नेता?" नागानं विचारलं.

"राखेचा," पोरं म्हणाली. जुनी माणसं बी राखेत ठेवतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

नागानं फणा बाजूला घेतला. "शंभर वर्षांत हिऱ्यांसाठीच सगळे आले. हिरे नेले की रात्रीत त्यांचे विंचू होतात. मग पळापळ बघायला मजा येते. आज माझी ती मजा गेली. न्या."

राख चाळली तेव्हा मेथी, मुळा, गवार, काकडी, सगळ्यांचं बी निघालं. दुसरं काम झालं. तेव्हा दोन पौर्णिमा उलटून गेल्या होत्या, आणि साळुंकी दार, दिवा, पाऊस असे कितीतरी शब्द विसरली होती.

पोरांनी वाफे केले. प्रत्येकाला आपापली एक ओळ. बी पेरलं, पाणी दिलं. तीन दिवस गेले, सहा गेले, नऊ गेले. काही उगवेना. पोरं आणखी काळजी घेऊ लागली. तरीही उगवेना. तेरा दिवस झाले. भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जादूगारानं मातीवर काहीतरी केलं," तो म्हणाला.

चौदाव्या दिवशी सटवा आला. सटवा सगळ्यांत धाकटा. पेरणी झाली त्याच रात्री त्याला ताप भरला होता आणि इतके दिवस तो अंथरुणातच होता. घोंगडी पांघरूनच तो आपल्या ओळीपाशी गेला आणि ओरडला, "ए, माझं आलंय! तुमचं कुठाय?"

सगळी धावली. सटव्याच्या ओळीत मेथी दोन-दोन पानांवर उभी होती. मुळ्याचे कोंब होते आणि काकडीचा एक वेल जमिनीवर हात पसरत होता.

"तू काय केलंस रे?" भैरूनं विचारलं.

"मी? मी झोपलो होतो."

"खरं सांग!"

"अरे, खरंच झोपलो होतो. तुम्ही काय करत होतात?"

गोजरानं सांगितलं. सगळी पोरं रोज सकाळी येत, आपापल्या ओळीतलं बी उकरून काढत, उजेडात धरून बघत आणि पुन्हा पुरत. कालच्यापेक्षा किती पुढं गेलं, ते रोज बघायला नको का? तसाच तर पाठशाळेचा नेम. आणि सटव्याच्या ओळीला कुणी हात लावला नव्हता, कारण एकाचा धडा दुसऱ्यानं सांगायचा नसतो.

साळुंकी फांदीवरून उतरून उकरलेल्या ओळींपाशी आली. मग आपल्याजवळ उरलेल्या शब्दांतून वेचून वेचून म्हणाली, "मीच शिकवलं. उकरायला."

"असं म्हणू नका, पंतोजी," गोजरा म्हणाली.

"म्हणतो. पुन्हा पेरा. मग बसा."

राखेच्या तळाशी मूठभर बी उरलं होतं. पोरांनी ते पेरलं आणि बसली. बसणं हे काम फार अवघड. खणणं सोपं, डोंगर चढणं सोपं. हात शिवशिवत, म्हणून पोरं सकाळी वाफ्यांकडं पाठ करून बसत आणि एकमेकांची थट्टा करत.

"भैरू, तुझा डोळा मागं गेला!"

"गेला नाही. मान अवघडली."

कोंब आले. मग अळ्या आल्या, तर पोरांनी कडुलिंबाचा पाला वाटून त्याचं पाणी शिंपडलं. काकडीला फूल आलं, आणि सात वर्षांनी एक मधमाशी त्या राज्यात शिरली. "इथंच ना?" असं विचारून ती कामाला लागली.

चौथ्या पौर्णिमेला दोन दिवस उरले तेव्हा धूम्रकेत कुंपणापाशी आला. मळा बघून त्यानं मान हलवली.

"वा! एवढ्यात राजाचा एक घास होईल. दुसऱ्या घासाचं काय?" त्यानं मूठ पुढं केली. "एक चिमूट टाका. टोपल्या भरतील. पंतोजी हवेत ना?"

त्याच सकाळी साळुंकी गोजराचं नाव विसरली होती. गोजरानं भुकटी हातात घेतली. बाकीची पोरं बघत राहिली. गोजरानं वर पाहिलं.

"पंतोजी, टाकू?"

साळुंकीनं मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं, परक्या माणसाकडं बघावं तसं. मग म्हणाली, "बसा."

तिच्याजवळचा तो शेवटचा शब्द होता. त्यानंतर ती नुसती शीळ घालू लागली.

गोजरानं भुकटी धूम्रकेताच्या हातावर परत ठेवली आणि हात धुतले.

पौर्णिमेच्या दुपारी गोजरानं साळुंकीला खांद्यावर बसवलं आणि पोरं टोपली घेऊन राजवाड्यात गेली. चार जुड्या मेथी, बोटाएवढे मुळे, मूठभर गवार आणि एक वाकडी काकडी. मुदपाकखान्याचा आचारी पोट धरून हसला.

"हे राजाला? अगं, हे माझ्या सशाला पुरायचं नाही!"

"तुम्ही फक्त चूल द्या, मामा," गोजरा म्हणाली.

पोरांनी लसणाची फोडणी देऊन मेथी परतली, गवार शिजवली, मुळे किसले, काकडी चिरली आणि ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या. राजा पानावर बसला. सवयीनं त्यानं पहिला घास घाईनं घेतला. दुसरा जरा सावकाश घेतला. तिसरा घास त्यानं डोळे मिटून चावला. धूम्रकेत भिंतीला टेकून बघत होता. पोरं घास मोजत होती. एक भाकरी संपली. दुसरी अर्धी झाली, आणि राजाचा हात थांबला.

"महाराज, वाढू?" आचाऱ्यानं विचारलं.

"नको," राजा म्हणाला.

हा शब्द त्या वाड्यात सात वर्षांत कुणी ऐकला नव्हता. आचाऱ्याच्या हातातली पळी खाली पडली. आणि मग राजानं ढेकर दिली, चांगली लांब, भरल्या पोटाची. ती वेशीपर्यंत ऐकू गेली.

सातही रांजण तडकले. आतली भुकटी धुळीला मिळाली. धूम्रकेतानं मंत्र म्हणायला तोंड उघडलं, पण मंत्र आला नाही; नुसती भूक लागली. राजानं त्याला त्या दिवसापासून राज्यातल्या सगळ्या खड्ड्यांत शेण-पाला वाहायच्या कामाला लावलं, आणि दोन वेळचं जेवणही लावून दिलं. नाग बी देत गेला, गांडुळं घरोघर गेली, आणि भाजी पुन्हा आपल्या वेळेनं पिकू लागली.

पण हे सगळं नंतर झालं. रांजण तडकले तेव्हा पोरांचं लक्ष तिकडं नव्हतंच. गोजराच्या खांद्यावरची साळुंकी जड झाली, खाली उतरली, आणि नारोपंत उभे राहिले. धोतर, उपरणं, सगळं होतं तसं. पण ते बोलेनात. एकेका पोराच्या तोंडाकडं बघत राहिले. माणूस तर परत आला. शब्द आले की नाही? गोजराला विचारायचा धीर होईना.

नारोपंतांची नजर फिरत फिरत राजाच्या पानावर गेली, त्या उरलेल्या अर्ध्या भाकरीवर थांबली.

"गोजरा," ते म्हणाले, "चार महिने किडे खातोय गं मी. मला वाढ."

ही गोष्ट इथं पानावरून उठली. ऐकणाऱ्याच्या ताटात रोज काहीतरी हिरवं असो, आणि जेवून उठताना त्याला नको म्हणता येवो.