हुनिद आणि आयांची नावं

एकदा काय झालं, सात समुद्रांच्या पलीकडे, जिथं डोंगर सदा हिरवे आणि आभाळ सदा भरलेलं, तिथं वेल्श लोकांचं एक छोटंसं राज्य होतं. फार फार जुनी गोष्ट, बरं का. राजाचं नाव तेउदर. सोपान, सरक जरा, ओवीला पांघरूण पुरत नाहीये. हं, तर राजा तेउदर.

राजाला मुलगा नव्हता. एकच लेक, हुनिद. तिच्यावर राजाचा भारी जीव. तिला घोड्यावर पुढं बसवायचा, डोंगरावर न्यायचा, मधाचं पोळं काढून बोटानं मध चाटवायचा. मग हुनिद मोठी झाली. एका बेटावरच्या दर्यावर्दीशी तिचं लग्न झालं. त्यांना मुलगा झाला, इथेल. पण इथेल रांगायला लागला नाही, तोच त्याचा बाप वादळात बुडाला. मग हुनिद लेकराला पोटाशी धरून माहेरीच राहिली.

इथेल सात वर्षांचा झाला आणि राजा वारला.

आता गादीवर कोण बसणार? त्या देशात बाईला गादीवर बसता येत नसे. का म्हणून विचारू नकोस ओवी, मलाही ते कधी पटलं नाही. पण रीत होती तशी. मग हुनिद भर सभेत म्हणाली, "मला गादी नको. माझ्या इथेलला द्या. राजाचा नातू आहे तो."

तेवढ्यात ब्रोखवेल उठला. ब्रोखवेल म्हणजे राजाचा पुतण्या, हुनिदचा चुलतभाऊ. नाव घशात अडकतं ना? माणूसही तसाच, दांडगा, ढगासारख्या आवाजाचा. पण मनानं वाईट नव्हता हं. लहानपणी हुनिदला खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचा. फक्त गादी दिसली की भल्याभल्यांचं डोकं फिरतं.

तो म्हणाला, "राज्य बापाकडून लेकाकडे जातं. बाईच्या वाटेनं येत नाही. भाटाला विचारा, वंशावळीत एका तरी बाईचं नाव आहे का?"

मग म्हातारा भाट उभा राहिला. त्यानं डोळे मिटले आणि म्हणायला लागला. "मेउरिगचा तेउदर. इद्वालचा मेउरिग. किनानचा इद्वाल. कादेलचा किनान..." असं म्हणत म्हणत पार मागं, मागं गेला. सगळे बापे. बाई एकही नाही.

हुनिद उठून उभी राहिली. ती म्हणाली, "एवढे सगळे राजे काय झाडाला लागले होते? त्यांना आया नव्हत्या?"

सभेत काही जण हसले. पण म्हाताऱ्या पंचांना तिचं बोलणं लागलं. ते म्हणाले, "पोरी, तुला नऊ दिवस दिले. बाईच्या वाटेनं इथं कधी राज्य आलं असेल, तर शोधून आण. नाहीतर ब्रोखवेल राजा."

मग काय, हुनिदनं घोड्यावर खोगीर टाकलं आणि निघाली.

पहिल्यांदा गेली नदीवर, धुणं धुणाऱ्या बायकांकडे. बायकांना सगळं ठाऊक असतं, बरं का. पंचांना नसतं तेसुद्धा. त्या म्हणाल्या, "तुझी आजी होय? मेउरिग राजाची राणी? तिचं नाव तांगविस. तिला थंडी सोसायची नाही, लोकरीचे तीन झगे एकावर एक घालायची." हुनिदला हसू आलं. पण तांगविस होती एका सरदाराची मुलगी. तिच्या वाटेनं काही राज्य आलं नव्हतं.

मग ती वर डोंगरावर गेली. उन्हाळ्यात गुरं चरायला वर नेतात ना, तिथं दगडी खोपटात बायका चीज करतात. त्यांच्यातली एक दात पडलेली आजीबाई म्हणाली, "तुझी पणजी एर्विल. बारा गाई घेऊन सासरी आली होती. या आमच्या गाई त्यांच्याच वंशाच्या." तिनं हुनिदला ताजं ताक पाजलं, पाठीवरून हात फिरवला. पण एर्विलही परक्या गावची. तिच्या वाटेनंही राज्य आलं नव्हतं.

सहा दिवस संपले. घोडा लंगडायला लागला. मग हुनिद त्याचा लगाम धरून पायी चालत गेली, पार समुद्राच्या टोकाला. तिथं जोगिणींचा एक मठ होता. तिथली मोठी जोगीण नव्वद वर्षांची, डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. गेलेल्या राण्यांची नावं घेऊन ती रोज सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. कागद नाही, पुस्तक नाही. सगळी नावं तोंडपाठ.

हुनिद दारात बसून ऐकत राहिली.

जोगीण म्हणाली, "तांगविस, तेउदरची आई, तिला शांती दे. एर्विल, मेउरिगची आई, तिला शांती दे. सेनान, इद्वालची आई, तिला शांती दे. मोरविद, कादेलची लेक, किनानची आई, तिला शांती दे."

हुनिद ताडकन उठली. "आजी, थांबा! मोरविद कादेलची लेक? अहो, कादेलचा मुलगा तर किनान!"

जोगीण म्हणाली, "नाही ग बाळे. कादेलला मुलगा कुठं होता? एकच लेक, मोरविद. किनान तिचा मुलगा. तोच पुढं आजाच्या गादीवर बसला."

आलं का लक्षात? किनान म्हणजे हुनिदचा खापरपणजा. आणि ब्रोखवेलचाही तोच! हुनिद तिथंच बसली आणि रडायला लागली. जोगिणीनं चाचपत तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "गाडी जुंपा. मी येते हिच्याबरोबर."

नवव्या दिवशी सभा भरली. जोगिणीनं सगळ्यांसमोर चारही नावं घेतली. मग पंच भाटाकडे वळले. बिचारा भाट लाल झाला. म्हणाला, "खरं आहे. माझ्या गुरूंनी शिकवलं होतं, 'कादेलचा किनान' असं भरभर म्हण, मध्ये श्वास घेऊ नकोस. श्वास घेतलास तर कुणीतरी विचारेल, किनान कादेलचा कोण?"

आता हुनिद ब्रोखवेलसमोर उभी राहिली. "दादा, बाईच्या वाटेनं राज्य येत नसेल, तर ते किनानलाही आलं नव्हतं. मग माझ्या बापाचंही नाही आणि तुझंही नाही. आणि येत असेल, तर इथेल राजा. सांग."

 ब्रोखवेलचा हात तलवारीवर गेला. त्याच्यामागं त्याची साठ माणसं उभी. कुणी हलेना. इथेलनं आईचा पदर... छे ग, तिकडे पदर कुठला! आईचा झगा घट्ट धरला.

मग हुनिदनं काय करावं? त्या देशात एक रीत होती. आपलं मूल दुसऱ्याच्या घरी वाढवायला द्यायचं. ज्याच्या घरी ते वाढेल, तो त्याचा दुसरा बाप. अशा लेकरावर कुणी हात उगारत नसे. हुनिदनं इथेलची बोटं हळूच सोडवली. तिला काय वाटलं असेल, विचार करा! एकुलतं एक लेकरू. पण तिनं त्याला ब्रोखवेलसमोर नेलं.

"दादा, तू मला नदी पार नेलंस, एकदाही पाडलं नाहीस. आता याला वाढव. हा तुझा."

ब्रोखवेल म्हणाला, "मी त्याचं वाईट केलं तर?"

"तू नाही करणार," हुनिद म्हणाली. पण त्याच्या तलवारीवरून तिनं नजर काढली नाही, बरं का.

ब्रोखवेलला स्वतःचं मूल नव्हतं. त्यानं खाली पाहिलं. इथेल वर बघत होता. म्हणाला, "मामा, मला पोहता येत नाही."

झालं. दांडगा ब्रोखवेल मटकन गुडघ्यावर बसला. तलवार काढली आणि पोराच्या पायाशी ठेवली. "राजानं पोहायला शिकलंच पाहिजे," असं म्हणाला आणि ढसाढसा रडला. साठ माणसांनीही तलवारी खाली ठेवल्या.

मग भाटानं वंशावळ पुन्हा म्हटली. सावकाश, मध्ये श्वास घेऊन. "कादेलची लेक मोरविद. मोरविदचा किनान..." पहिल्यांदाच त्या सभेत बाईचं नाव गाजलं.

सात वर्षं इथेल मामाकडे राहिला. दर महिन्याला हुनिद लोणी घेऊन भेटायला जायची, आणि परतताना टेकडीवर थांबून मागं बघायची. तोवर राज्य कोण सांभाळत होतं? हुनिद आणि ब्रोखवेल, दोघं मिळून. भांडायचे खूप, पण जेवायचे एकत्र. मग चौदा वर्षांचा इथेल घरी आला, आईपेक्षा वीतभर उंच. आईनं धावत जाऊन त्याला पोटाशी धरलं! धरलं, आणि सोडेचना.

इथेल चांगला राजा झाला. ब्रोखवेल म्हातारा झाला. सगळे पोटभर जेवले आणि सुखानं राहिले.

आता मिटा डोळे. ओवी, तुझ्या आईचं नाव काय? आणि तिच्या आईचं? आणि तिच्याही आईचं? म्हण मनातल्या मनात, मागं मागं जात... झोपली वाटतं.