हाकेचा कमळू

फार मागची गोष्ट. किती मागची, ते मला विचारू नका. माझ्या आजाला त्याच्या आजानं सांगितली, एवढं मला ठाऊक. तेव्हा घाटाखाली मोटार येत नव्हती आणि आमच्या करंजघळीतली घरं अशी जवळ जवळ आलेली नव्हती. मधे ओढ्यासारखा वहाळ, अल्याड डोंगर, पल्याड डोंगर, आणि दोन्ही अंगांना घरं सुटी सुटी, प्रत्येक आपापल्या शेताच्या कडेला. या घरातून त्या घरात मीठ मागायला जायचं तर अर्धी सकाळ मोडायची.

भात झोडून झालं की तरणी माणसं जगायला जायची. कुणी बंदरावर, कुणी घाटावरच्या गुऱ्हाळांवर. बायका जायच्या, पोरं जायची, कोंबड्यासुद्धा पाटीत घालून न्यायचे. मागं राहायची ती म्हातारी. कणगीत दाणे, पडवीत लाकडं, आणि पाऊस जवळ आला की परत येतो, एवढा शब्द. मग काय, सहा-सात महिने बोलायला समोर भिंत. आता तुम्ही म्हणाल, त्यात नवल काय, आमच्याकडं अजून तसंच आहे. असेल बाबांनो. ऐका पुढं.

या करंजघळीत कमळू नावाचा गुराखी होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. अंगानं काटकुळा, पायानं फेंगडा, पण आवाज असा की विचारू नका. असं म्हणतात, त्यानं म्हशीला हाक मारली की तिसऱ्या डोंगरावरचे पारवे उठायचे. कुणाची म्हैस रानात राहिली तर शोधायला कुणी जात नसे, कमळूला सांगत. तो एक हाक टाकायचा, म्हैस हजर व्हायची, आणि येताना शेजारच्या गावची एखादी सोबत घेऊन यायची. त्यावरून भांडणं झाली, तीही सांगतात.

एका वर्षी बुधाजी नावाचा म्हातारा परसात पडला. मांडीचं हाड मोडलं. कमळू गुरं घेऊन तिकडून चालला होता म्हणून तिसऱ्या दिवशी सापडला. कमळूनं त्याला पाणी पाजलं, तेव्हा तो म्हणाला, "तीन दिवस ओरडतोय रे. मला वाटलं, सगळी मेली आणि मीच एकटा उरलो." बुधाजी त्यानंतर आठवडाभर जगला. पण त्याचं ते बोलणं कमळूच्या डोक्यातून जाईना.

बुधाजीची माती झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना कमळू वरच्या कातळावर चढला. तिथून दोन्ही डोंगर दिसतात. त्यानं वरच्या अंगापासून सुरुवात केली आणि एकेका म्हाताऱ्या माणसाला नावानं हाक मारली. हाक मारायची आणि थांबायचं. तिकडून "ओ" आला की पुढचं नाव. ओ आला नाही, तर तीनदा हाक, आणि तरीही नाही आला तर काठी उचलून निघायचं. कुणाचा पाय मुरगळलेला असे, कुणाला ताप भरलेला असे. कमळू पेज करून पाजी, अंग शेकी, घरात झाडलोट करी आणि मग गुरं सोडी. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. सांगणारं होतं कोण?

आणि त्या हाकेनं एक झालं. आतून दिलेला ओ कातळापर्यंत पोचत नसे. म्हणून म्हाताऱ्यांना अंगणाच्या कडेपर्यंत यावं लागे. ज्यांनी वर्षभर खाट सोडली नव्हती ती भिंत धरून बाहेर यायला लागली. ओ द्यायचा म्हणून घसा साफ करायचा, घसा साफ करायचा म्हणून तोंड धुवायचं, तोंड धुतलंच आहे तर चूल पेटवायची. पल्याडची चांगुणा तर ओ द्यायला धुतलेलं लुगडं नेसून उभी राहायची. बाईसाहेबांना तेवढ्या लांबून कोण बघणार होतं? पण नेसायची. माणसं अंगानं सुधारली. असं म्हणतात, त्या वर्षांत करंजघळीत शंभरीच्या आत कुणी गेलंच नाही. एका म्हाताऱ्याला न्यायला यमाचा दूत दारात आला, तर म्हातारा म्हणाला, जरा दम धर, कमळूची हाक होऊ दे, ओ देतो आणि येतो. दूत थांबला. हाक झाली, ओ झाला, आणि म्हातारा अंगणात इतका ताठ उभा दिसला की दुसऱ्याच कुणाच्या घरी आलो वाटून दूत माघारी गेला. आता खरं-खोटं त्या दूताला ठाऊक.

सगळी नावं झाली की कमळू खाली उतरायचा, एकट्यापुरती भाकरी थापायचा आणि खायचा. त्याला हाक मारणारं कुणी नव्हतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तो सगळ्यांना माहीत होता. जो रोज हाक मारतो त्याचं बरं चाललेलंच असणार, असं आपण धरून चालतो. मला तर याचा अजून राग येतो.

अशी वर्षं गेली आणि कमळूही म्हातारा झाला. गुरं दुसऱ्यांनी नेली. आवाज तसाच खणखणीत होता, पण कान गेले. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली. मग वहाळ. एका सकाळी त्यानं ठमा म्हातारीला तीनदा हाक मारली आणि ओ आला नाही, म्हणून धापा टाकत तिच्याकडं गेला. ठमाचं घर कातळाच्या सगळ्यांत जवळ. बघतो तर ठमा कंबरेवर हात ठेवून अंगणात उभी. तिचे ओठ हलत होते आणि चेहरा रागाचा होता. काय म्हणते ते त्याला समजलं. तीन वेळा ओ दिला, कान फुटले का, असंच म्हणत असणार. कमळू हसला, म्हणाला, तुझा आवाज बसलाय, गरम पाणी पी. आणि घरी येऊन खूप वेळ कपाळाला हात लावून बसला.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? भीती वाटली हो त्याला. हे कळलं तर लोक ओ द्यायला बाहेर येणार नाहीत, पुन्हा खाटा धरतील, ही एक भीती. आणि दुसरी मी सांगतो, कारण त्यानं ती कुणापाशी काढली नाही. दिवसातून एकदा तरी त्या सगळ्या माणसांशी त्याचं नातं होतं. ते गेलं तर त्याच्यापाशी काय उरणार होतं?

मग त्यानं काय केलं, तर हाक मारायची आणि ओ ऐकायचा बहाणा करायचा. आणि खाली उतरून दोन्ही डोंगरांवरच्या सगळ्या घरी चालत जायचं, माणूस डोळ्यांनी बघायचा. शेणीचा तुकडा हातात घेऊन म्हणायचा, विस्तव दे गं जरा, माझा विझला. रोजच्या रोज, घरोघरी. गुडघे सुजायचे, परतायला दिवस मावळायचा. लोक हसायला लागले. म्हणाले, कमळू म्हातारपणी लोचट झाला, याच्या चुलीत विस्तव टिकत नाही आणि फिरतोय दारोदार. तोंडावर म्हणाले. तोही हसायचा, कारण ऐकूच येत नव्हतं. अशी दोन वर्षं काढली त्यानं.

चांगुणाचं घर त्याच्या फेरीत शेवटचं. एका दिवशी, थंडीचे दिवस होते, तिनं हाकेला ओ दिला, आणि वळताना पायरीवरून घसरून खाली आली. डोकं दगडावर आपटलं, उठवेना. ती ओरडायला लागली. त्या थंड हवेत तिचा आवाज दोन्ही डोंगरांवर गेला. ठमाला ऐकू गेला, बाकीच्यांनाही गेला. सगळी अंगणात आली, तिकडं बघून हळहळली, आणि म्हणाली, कमळू जाईल. कमळू जातोच. आता पोचलाच असेल. आणि आपापल्या घरात गेली. ऐकलं नाही ते एकट्या कमळूनं.

तो नेहमीसारखा घर घर करत दिवस कलताना तिच्या दारात पोचला. चांगुणा अजून जिवंत होती. धुतलेलं लुगडं मातीनं भरलेलं. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. कमळूनं कान तिच्या तोंडाशी नेला, दुसरा कान नेला, मग तिचा हात घट्ट धरून नुसता मान हलवत राहिला. बोलून झालं आणि ती गेली. काय म्हणाली ते कुणालाच कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चालता येत होतं ती पाच-सहा माणसं कशीबशी आली. माती झाली. मग ठमा पुढं झाली आणि त्याच्या तोंडापुढं हात नाचवून बोलायला लागली. सकाळपासून ओरडत होती बिचारी, तू होतास कुठं, विस्तव मागत फिरत होतास? कमळूनं तिच्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाला, "ठमा, मला दोन वर्षं झाली, ऐकू येत नाही."

मग त्यानंच विचारलं, "तुम्हांला ऐकू आलं होतं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यानं काठी उचलली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी हाक झाली नाही. म्हातारी माणसं तोंड धुऊन अंगणात उभी राहिली, ऊन पायाशी आलं तशी आत गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. काहींनी चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी ठमाला राहवेना. अंगणाच्या कडेला येऊन तिनं छाती भरून हाक मारली, "कमळूऽऽ!" करंजघळीत कमळूला मारलेली ती पहिली हाक. ओ आला नाही. ते ऐकून शेजारच्या घरातून हाक गेली, मग पल्याडच्या डोंगरावरून, मग एकेक करून सगळ्या घरांतून. कमळू कमळू कमळू. सगळी घळ दुमदुमली आणि एका म्हाताऱ्याच्या कानावर त्यातलं काही गेलं नाही. तो दरीकडं पाठ करून ओट्यावर दोर वळत बसला होता.

ओ आला नाही, तर काठी उचलून निघायचं. त्यानंच घालून दिलेली रीत. तेव्हा ती सगळी निघाली. जी अंगणाबाहेर पाय टाकत नव्हती ती काठ्या टेकत, कंबर धरत, बसत-उठत निघाली. असं म्हणतात, ती वहाळापाशी आली तेव्हा तळातले दगड आपणहून वर आले आणि एकाचाही पाय भिजला नाही. दुपार होता होता ती कमळूच्या अंगणात पोचली. सावल्या पडल्या म्हणून त्यानं वळून बघितलं. एवढी माणसं दारात बघून त्याच्या हातातला दोर गळला. घाबरून म्हणाला, "कोण गेलं?"

ठमानं मान हलवली. त्याच्या छातीला बोट लावलं. मग आपल्या तोंडाशी हात नेऊन हाक मारल्याची खूण केली, आणि कानाला हात लावून, ओ आला नाही, अशी मान हलवली. कमळूला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. इतकी वर्षं इतरांच्या दारी जाणाऱ्याच्या दारी कुणी आलं होतं.

तिथंच ठरलं. हाक कमळूच मारील, आवाज त्याचाच. पण रोज एकानं पाळीपाळीनं कातळावर चढायचं, त्याच्याजवळ बसायचं आणि खालून ओ आला की त्याच्या खांद्याला हात लावायचा. आणि ज्याला कुणाचं ओरडणं ऐकू येईल त्यानं स्वतः उठायचं. दुसरा जाईल, असं म्हणायचं नाही.

असं पुष्कळ वर्षं चाललं. ठमा गेली, तिच्या मागून आणखी गेले, नवी माणसं म्हातारी झाली. कमळू हाक मारतच होता. मग एका सकाळी हाक झाली, सगळ्यांची नावं आली, सगळ्यांनी ओ दिले. ज्याची पाळी होती त्याला दम लागल्यामुळं चढायला उशीर झाला. तो पोचला तेव्हा कमळू गुडघ्यांना मिठी घालून बसला होता. खांद्याला हात लावला तर अंग लाकडासारखं ताठ, केसांवर दव. आदल्या संध्याकाळीच वर येऊन बसलेला आणि तिथंच गेलेला होता. पण हाक तर सगळ्यांनी ऐकली होती, आपापल्या नावासकट. असं म्हणतात, आणि यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

तेव्हापासून करंजघळीत उजाडताना शेजारी शेजाऱ्याला हाक मारतो. या घरानं त्या घराला, त्यानं पुढच्याला, अशी हाक दोन्ही डोंगर फिरते. शेवटच्या घरातून कातळाकडं तोंड करून हाक मारतात, "कमळूऽऽ!" तीनदा. ओ येत नाही. आणि ओ आला नाही, की जायचं असतं. म्हणून रोज एक म्हातारं माणूस काठी उचलतं आणि त्याला बघायला कातळावर जातं. पावसातसुद्धा पाळी चुकत नाही.

काल माझी होती. सत्त्याहत्तरावं लागलंय मला, चार ठिकाणी बसत बसत चढलो. वर कुणी नव्हतं. जरा टेकलो, वारा होता, खाली घरं दिसत होती. मग मी शेजारी हात पुढं केला, खांद्याएवढ्या उंचीवर तसाच थोडा वेळ धरला, आणि सगळ्यांचे ओ आले, असं सांगून खाली उतरलो.