अकरा मापं डाळ

"आयुष्यभर दुसऱ्यावर संशय घ्यायचा, हेच का तुमचं काम?"

हेमांगीने विचारलं. अच्युतबुवा मठाच्या कोठीच्या हिशेबाची वही लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी सांगितलं?"

"दिसतंच आहे. डाळ दिली, सही. मीठ दिलं, सही. कुणावर विश्वासच नाही."

हेमांगी दहावीत होती आणि गणितात तिचा एकही गुण कधी गेला नव्हता. अशा माणसाशी बोलणं जरा जडच जातं. हिशेबाचं काम मुलांनी बघावं, आवडलं तर पुढे तेच शिकावं, म्हणून हेडमास्तरांनी एका दिवसासाठी वर्ग मठात आणला होता. बाकीची मुलं केव्हाच नदीवर पळाली होती. ही मागे राहिली, कारण हिने चोर पकडला होता.

चोर म्हणजे कोंडाबाई. मठाची स्वयंपाकीण.

सकाळी बुवांनी हेमांगीला महिन्याची तूरडाळ ताडून बघायला सांगितली होती. शंभर मापं आली, साठ स्वयंपाकघरात गेली. चाळीस उरायला हवी होती. कोठीत निघाली एकोणतीस.

अकरा मापं कमी. हेमांगीने बुवांना विचारलंही नाही. थेट विश्वस्त माणिकरावांना गाठलं. डाळ नेतं कोण? कोंडाबाई. माणिकरावांनी बाईला संध्याकाळच्या आत निघून जायला सांगितलं.

ती आता पायरीवर बसली होती. एकवीस वर्षांच्या चाकरीचं बोचकं फार मोठं नव्हतं.

"म्या येक दाणाबी न्हाई उचलला, बुवा."

"मला नको सांगूस. हिला सांग."

"पकडल्यावर सगळे असंच म्हणतात," हेमांगी म्हणाली.

बुवांनी वही मिटली.

"डाळ देताना पाहिलीस?"

"आकडे पाहिले."



बुवा उठले. दोघींना घेऊन कोठीत गेले. पितळेच्या मापात त्यांनी डाळ भरली, वरून तळहात फिरवला आणि ती काठाशी सपाट केली.

"गावातून येते ती अशी. हे एक माप."

मग तेच माप पुन्हा भरलं. काठाच्या वर डाळीचा ढीग उभा राहिला, दाणे खाली ओघळायला लागले.

"कोंडाबाईला देतो ती अशी. हेही एक माप."

हेमांगी बघतच राहिली.

"पण... ही दोन सारखी नाहीत."

"मठाची रीत आहे. घेताना सपाट, देताना शीग लावून. माझ्या गुरूंच्याही आधीपासून."

"मग वहीत का नाही?"

"महिनाअखेरीला शिगेची एक ओळ लिहितो. या वेळची तुझ्यासाठी सोडली होती. वाटलं, विचारशील."

हेमांगीचे कान तापले. तिला कोंडाबाईकडे बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

तिने वही ओढली. "म्हणजे अकरा मापं शिगेत गेली. लिहिते."

बुवांनी पानावर हात ठेवला.

"मोजलीस?"

ती खाली बसली. शीग लावून सहा मापं भरली, तीच डाळ सपाट करून मोजली. सात भरली. पुन्हा मोजली. सातच.

"सहाची सात. म्हणजे साठाची सत्तर." तिचा आवाज बारीक झाला. "शीग दहाच मापं होते, बुवा. एक कमीच येतंय."



"अकराच लिहू या ना... बाई सुटतील. कुणाला कळणार आहे?"

"सकाळी न मोजता हिला चोर केलंस. आता न मोजता साव करतेस?"

कोंडाबाई दारातून म्हणाली, "त्ये येक माप माझ्या पगारातनं कापा. पर हाकलू नगा."

"न नेलेलं कापून कसं घेऊ?" बुवा म्हणाले. "आणि नेलं असेल तर कापून कसं सोडू?"

हेमांगीने पेन उचललं. मग तिने लिहिलं : शीग, दहा मापं. एक माप सापडत नाही. खाली सही केली.

माणिकराव आले. त्यांनी ओळ वाचली.

"एक माप कुणी नेलं?"

"माहीत नाही."

"मग या बाईचं काय करायचं?"

"सकाळी मी न बघता बोलले. माझं चुकलं." हेमांगी म्हणाली. "बाईंनी नेलं, असं लिहायला माझ्याकडे काहीही नाही."

माणिकरावांनी कोंडाबाईकडे बघितलं, मग हेमांगीकडे. त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

"राहू दे तर," म्हणाले आणि गेले.

कोंडाबाईने बोचकं उचललं आणि चुलीकडे गेली. हेमांगीशी ती एक शब्द बोलली नाही.

बाहेर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. हेमांगी हलली नाही.

"बुवा, ते एक माप... मी उद्या येऊ?"

"शाळेने एकच दिवस सांगितलाय."

"शाळेचं नाही. मला शिकायचंय."

बुवांनी कोठीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. ती कायम तिथेच असायची. सकाळपासून हे हेमांगीच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती किल्लीकडे बघत राहिली...

"ये," बुवा म्हणाले. "आल्या आल्या आधी माझी झडती घे."